दिवेवालीचा शब्द

४ मार्च

मावशी,

आधी नमस्कार, मग खुशाली, आणि मग हे जे जाडजूड पाकीट तुझ्या टेबलावर आलंय त्याबद्दल माफी. पोस्टमननं ते जिना चढवून वर आणलं असेल तर त्याला पाणी दे. आठशे चाळीस पानं आहेत.

दीड वर्ष मी कसलं भाषांतर करतेय हे तू दर पत्रात विचारतेस आणि मी 'जपानी गोष्ट आहे' एवढं सांगून सुटते. आज खरं सांगते. तो कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. लगेच नाक मुरडू नकोस. यात धावाधाव नाही, मारामारी नाही. पडद्यावर चित्र असतं, खाली ओळी उमटत जातात आणि आपण वाचत राहायचं. मधूनच गोष्ट थांबते आणि आपल्यालाच विचारते, आता काय करायचं? आपण सांगू तशी ती पुढे जाते.

नाव मी 'धुक्यापलीकडचे दिवे' ठेवलंय. एक गाव आहे, तिथलं धुकं कधीच उठत नाही. एक तरुण नकाशेवाली वाट चुकून तिथे येते आणि म्हाताऱ्या दिवेवालीच्या घरी राहते. दिवेवाली रोज संध्याकाळी धुक्यात शिरते, नदीपर्यंतचे दिवे लावते आणि परत येते. धुक्यात जी माणसं हरवलीत ती त्या दिव्यांपाशी दिसतात म्हणे. एवढंच सांगते, बाकीचं तूच वाच.

तिकडे या खेळावरून चित्रकथा निघाली, नाटक झालं, कार्टूनची मालिका आली. आता हे सगळं आपल्या भाषेत येतंय, आणि चारही ठिकाणी माझाच मजकूर वापरणार आहेत. म्हणून धाकधूक आहे. छापखान्याच्या खडखडाटानं तुझे कान खाल्ले, पण डोळ्यांना हात लावायची त्याची छाती झाली नाही. मुद्रितं तपासशील? कंपनीला मी सांगून टाकलंय की माझ्या मावशीच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी काही देणार नाही.

तुझी,
ठकू

१९ मार्च

ठकूबाई,

तुमचा ग्रंथ पोचला. पोस्टमन दोन पेले पाणी प्यायला.

दोनशे पानं वाचून झाली आणि आता मला तुझ्या जपानी लेखिकेला समोर बसवून काही विचारायचंय. पान ११२ वर नावाडी बुडून मरतो. पान १३० वर तो चुलीपाशी उभा राहून सूप ढवळतोय. मेलेल्या माणसाकडून सूप ढवळून घेणारा लेखक मी चाळीस वर्षांत पाहिला नाही, आणि मी लेखक पाहिलेत ते नाना तऱ्हेचे. नकाशेवाली तीनदा गाव सोडून जाते, परत आल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही. एकदा ती त्या घड्याळवाल्याशी लग्न करते, आणि वीस पानांनी त्यालाच विचारते, 'आपण कोण?' लग्नानंतर हा प्रश्न पडतो हे मला ऐकून माहीत आहे, पण इतक्या लवकर?

सगळीकडे समासात हिरवं प्रश्नचिन्ह टाकलंय. आपला नियम तुला ठाऊक आहेच. शंका समासात लिहायची, मजकुराला हात लावायचा नाही. शब्द लेखकाचा असतो, आपण फक्त त्याच्यावरची धूळ झटकायची.

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई रोज शिलाई आटोपली की वर येते आणि वाचलेली पानं घेऊन जाते. तिला काहीच खटकत नाही. ती म्हणते, सूप चांगलं झालं असेल.

तुझी मावशी

२७ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या मुख्य बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

चूक माझीच. वाटा वेगळ्या करून द्यायचं राहूनच गेलं. वाचणाऱ्यानं 'नावाड्याला हाक मार' निवडलं तर नावाडी जगतो आणि सूप करतो. 'गप्प राहा' निवडलं तर बुडतो. दोन्ही खरं, पण एका वेळी एकच. सोबत रंगांची यादी पाठवतेय. निळी खूण असलेली पानं एका वाटेची, लाल दुसरीची, पिवळी तिसरीची. हातातले पत्ते लावतात तशी पानं लाव आणि मग वाच.

लग्न पिवळ्या वाटेवर आहे. तिथे ती दोघं एकमेकांना चांगली ओळखतात.

ठकू

६ मे

ठके,

झालं सगळं. तिन्ही वाटांनी तीनदा त्या गावाला जाऊन आले. परवा दळण विसरून घरी आले, इतकी मी त्या धुक्यात होते.

भाषांतराबद्दल एकच सांगते, मला ते भाषांतर वाटलं नाही. तुझी दिवेवाली मला जिना चढताना ऐकू येते, आणि मला आजकाल फारसं काही ऐकू येत नाही. काड्यापेटी पदराच्या टोकाला बांधते, दाराशी थांबून घरात एकदा बघून घेते. हे तू कुठून आणलंस, की जपानी बाईचंच आहे?

मोठ्या शंका सगळ्या समासात आहेत. चार-दोन किरकोळ दुरुस्त्या मीच करून टाकल्या, त्यासाठी तुझा वेळ कशाला घालवायचा. सरळ टंकलेखकाकडे दे.

आणि जेवत जा वेळेवर. तुझ्या अक्षरावरून कळतं मला.

मावशी

२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावली असशील तर आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

खेळ आला. मालिकाही आली. आपल्या भाषेतले आवाज चांगलेच लागलेत, दिवेवालीचं काम एका नाटकातल्या बाईंनी केलंय. रंगमंचावरचा प्रयोगही सुरू झालाय, धुकं खरंखुरं सोडतात आणि पहिल्या रांगेतली माणसं खोकत राहतात. चित्रकथेचा एक अंक तुला पाठवतेय.

मी सध्या जरा वेगळं काम घेतलंय. यंत्रांच्या माहितीपुस्तिका. कपडे धुण्याच्या यंत्राला मनात काही ठेवायचं नसतं. झाकण लावा, बटण दाबा, संपलं. 'दिवे'चा दुसरा भाग येतोय, पण तो मी करत नाहीये. दमले होते. थोडी विश्रांती बरी.

शिंपीणबाईंना सांग, खेळ त्यांच्या टॅब्लेटवरही चालेल.

तुझी ठकू

२० सप्टेंबर

ठके,

शिंपीणबाई टॅब्लेटवर कसलं खेळतेय, तिनं दुकानातल्या मोठ्या पडद्यावरच लावलाय. गिऱ्हाइकं ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि स्टुलावर बसून वाचत राहतात. काल एक बाई हात आडवे धरून पाच मिनिटं तशीच उभी होती, आणि टेप हातात घेऊन हीसुद्धा.

पण दोन आठवडे झाले, ती एकाच जागी अडकलीये. दिवेवाली बाराव्या संध्याकाळी धुक्यात जाते. मग खेळ विचारतो, दारात वाट पाहायची की तिच्या मागे जायचं? ही दर वेळी 'वाट पाहायची' वरच बोट ठेवते. धुकं घरात शिरतं, दिवा विझतो, गोष्ट संपते. ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मी म्हटलं, "अहो, एकदा मागे जाऊन तर बघा."

म्हणाली, "का जाऊ? 'येते' म्हणून सांगून गेलीये ती बाई. सांगून गेलेल्या माणसाच्या मागे जायचं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असं झालं."

तेव्हापासून आत कुठेतरी टोचतंय. जपानीत ती त्या वेळी नेमकं काय म्हणते? मला नीट लिही.

आणि दुसरं. धुण्याच्या यंत्रात तुझं मन रमलंय यावर मी विश्वास ठेवावा अशी तुझी अपेक्षा आहे का?

मावशी

२८ सप्टेंबर

मावशी,

जपानीतही आपल्यासारखंच आहे. घरातून निघणारा माणूस 'जाऊन येतो' असं म्हणतो. दिवेवाली अकरा वेळा तसंच म्हणते. बाराव्या वेळी ती फक्त 'जाते' म्हणते. रडणं नाही, निरोप नाही, एक शब्द कमी. लेखिकेनं सगळं त्या एका शब्दावर ठेवलंय. तो शब्द जो ऐकतो तो धावत मागे जातो, आणि शेवटच्या दिव्यापाशी ती त्याला भेटते. जो ऐकत नाही तो दारात बसून राहतो.

आपल्याकडे तिथेही 'येते' गेलं. मजकूर एकच असल्यामुळे मालिकेत तसंच बोललं गेलं आणि नाटकातही. प्रेक्षकांनी कंपनीला रागानं लिहिलं, 'येते म्हणाली आणि आली नाही, तुम्ही आम्हाला फसवलंत.' माझ्या हातून राहिलेली चूक आहे आणि मी तसं त्यांना सांगितलंय. म्हणून दुसरा भाग दुसऱ्या कुणाकडे गेला. त्यांचं बरोबरच आहे.

शिंपीणबाईंना मागे जायला सांग. आणि तू हे मनाला लावून घेऊ नकोस.

ठकू

५ ऑक्टोबर

ठके,

चूक तुझी असेल तर मी ती मनाला का लावून घेईन? त्या शेवटच्या वाक्यानं तुझं बिंग फुटलं. तुला लहानपणीही खोटं पचत नसे.

पान ६१७, वरून चौथी ओळ. 'जाते' मी खोडलं आणि 'येते' लिहिलं. हिरव्या शाईत, थेट मजकुरात, समासात प्रश्नचिन्ह न टाकता. अकरा ठिकाणी 'येते' होतं, बाराव्या ठिकाणी तुझी नजर चुकली असं मी स्वतःला सांगितलं. चाळीस वर्षं नव्या माणसांकडून जो नियम घोकून घेतला, तो मी एका रेघेत मोडला आणि तुला ते 'किरकोळ' म्हणून कळवलं.

तुला ती हिरवी शाई दिसली असणारच. तरी तू दोष अंगावर घेतलास. माया म्हणून घेतलास, कळतं मला. पण सत्तर वर्षांच्या बाईला पाठीशी घालायचं म्हणजे तिच्या हातून आता काही धड होत नाही असं ठरवणं. माझी चूक माझ्याजवळ राहू दे.

तुझ्या मुख्य बाईंना आजच रजिस्टर पत्र टाकलंय. पान, ओळ, शाई, सगळं लिहिलंय. खाली सही आणि 'मुद्रितशोधक, निवृत्त'. शेवटच्या शब्दावर त्यांनी जास्त भर द्यावा असंही लिहिलंय.

मावशी

१७ ऑक्टोबर

मावशी,

मला न विचारता पत्र टाकलंस. रागावणार होते, पण मुख्य बाईंनी ते पत्र फ्रेम करून लावायचं म्हटल्यावर राग टिकेना.

आता मी विचारते. अकरा-बाराचा हिशोब मला पटत नाही. तू शंका आली तर स्वल्पविरामालाही प्रश्नचिन्ह लावतेस. तिथेच का नाही लावलंस?

मी आधी माझं सांगते. तो शब्द जपानी लेखिकेचा होता हे खरं, पण मी तो भाषांतर करून लिहिला नाही. तो मला आधीपासून ठाऊक होता. आई ऑपरेशनला गेली त्या पहाटे मी अर्धवट जागी होते. दाराशी तिचा आवाज आला, "जाते गं." रोज नोकरीवर जाताना ती 'येते' म्हणायची. त्या दिवशी नाही म्हणाली. मी नऊ वर्षांची होते, पण मला ते कळलं, आणि कळूनही मी पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिले. उठून मागे गेले नाही.

सव्वीस वर्षं मला वाटत आलंय की आपण परत येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि ती मला सांगून गेली होती. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बाबांजवळही नाही. पान ६१७ लिहून झालं तेव्हा मी दिवसभर दुसरं काही केलं नाही.

म्हणून खेळ बाहेर आल्यावर तिथे हिरवी शाई दिसली तेव्हा तुला विचारायची हिंमत झाली नाही. त्याआधी टंकलेखकाची चूक समजून त्याच्यावर ओरडले होते, मग त्याची माफी मागितली.

ठकू

२२ ऑक्टोबर

ठकू, बाळा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसले, आज चौथा दिवस. हा पाचवा कागद.

ती हाक तुझ्या आईची नव्हती. माझी होती.

आमचे आवाज किती सारखे होते हे तुला आठवायचं नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आणि मी तिथे फोन केला की तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, 'अगं, तू इथेच बसलीयेस ना?' तुझे बाबाही दोनदा फसले होते.

त्या पहाटे काय झालं ते क्रमानं सांगते. गाडी खाली उभी होती. मी बॅग घेऊन तुझ्या खोलीच्या दारात होते. तुझी आई तुझ्या उशाशी बसली. तुझ्या केसांत गुंता होता, तो तिनं बोटांनी सोडवला, घाई न करता, मी दोनदा घड्याळ दाखवलं तरी. मग तुझ्या कानाशी वाकून म्हणाली, "येते हं, ठके." तू गाढ झोपेत होतीस. तोंड उघडं होतं. ती हसली आणि मला म्हणाली, "हिला नाकानं श्वास घ्यायला शिकव." मग कठडा धरून ती जिना उतरली.

गाडीत बसल्यावर कळलं, रिपोर्टांची फाइल टेबलावर राहिलीये. मी धावत वर आले. तुझ्याजवळ बसायला शेजारच्या काकू आल्या होत्या. फाइल उचलली आणि त्यांना ओरडून म्हणाले, "जाते गं, दार ओढून घे." तू ऐकलंस ते हे. तोवर तुझी आई खाली गाडीत बसली होती.

ती बरी होऊन घरी यायचं ठरवून गेली होती. येताना तुला रंगपेटी आणायची म्हणून तिनं मला दुकान दाखवून ठेवलं होतं. तिला काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं.

आता माझं. त्या दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर तो शब्द. मी त्या दारातून 'जाते' म्हणून निघाले होते. शिकली-सवरलेली बाई मी, शब्दानं माणूस मरत नाही हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि जिभेला वळवणं वेगळं. त्यानंतर घरातून निघताना तो शब्द मी आजवर उच्चारला नाही. पान ६१७ वर तो माझ्यासमोर आला, तोही दारात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी, आणि पेन आपसूक चाललं. प्रश्नचिन्ह टाकलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. ते सांगायचं नव्हतं मला.

तू मागे यायला हवं होतंस असं काही नव्हतं, ठके. तू झोपलेली होतीस आणि तिला तू तशीच हवी होतीस.

मावशी

३० नोव्हेंबर

मावशी,

पाच आठवडे लिहू शकले नाही. तू दोनदा नुसतं कोरं कार्ड पाठवलंस, पत्ता तेवढा घातलेलं. दोन्ही मिळाली. त्यांचा मोठा आधार वाटला.

तुझं पत्र वाचल्यावर मी आरशासमोर उभी राहून माझ्या केसांतून बोटं फिरवून पाहिली. वेडेपणाच, पण केला.

आता बाकीचं. खेळात शब्द बदलला, ते अर्ध्या तासाचं काम होतं. नाटकात आणि चित्रकथेतही बदलला. मालिकेसाठी दिवेवालीचं काम करणाऱ्या नटीबाईंना पुन्हा बोलावलं आणि मुख्य बाईंनी मलाही स्टुडिओत बसवलं. नटीबाईंनी विचारलं, "कसं म्हणू? दुःखानं?" मी म्हटलं, "नाही. साधं म्हणा. हातात काहीतरी आहे, खाली कुणीतरी थांबलंय, असं." त्यांनी तसं म्हटलं आणि तेच ठेवलं.

जपानी लेखिकेला सगळं कळवावं लागलं. तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलंय, शब्द दुरुस्त करा, पण जे वाचक इतके दिवस दारात वाट पाहत बसले त्यांना माझा नमस्कार सांगा. शिंपीणबाईंना हा नमस्कार पोचव.

दुसरा भाग मला परत मिळालाय. मुद्रितं तूच तपासायचीस अशी अट कंपनीनं घातलीये, मी नाही. तुझ्या पत्रामुळे त्यांचा तुझ्यावर भलताच विश्वास बसलाय.

एक मागणं आहे. मला आईबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती कशी गेली. तेही चुकीचं. आपण दोघी इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तिचा विषय निघाला की तू चहा टाकायला उठायचीस आणि मी पुस्तक उघडायचे. ती कशी होती ते मला लिही. काहीही चालेल. मोठं काही नको.

ठकू

८ डिसेंबर

ठके,

नमस्कार पोचवला. शिंपीणबाईनं नव्यानं खेळ लावला, तो शब्द ऐकला आणि शिलाई टाकून दिवेवालीच्या मागे गेली. शेवटच्या दिव्यापाशी पोचली तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. चौघीही रडल्या. एका ब्लाउजची बाही आखूड झाली, ते मात्र तिनं मान्य केलं नाही.

आता तुझं मागणं. मी चहा टाकायला उठले की 'बस' म्हणून सांगणारं कुणी इथे नाही, म्हणून मीच खुर्ची टेबलाला घट्ट ओढून घेतलीये.

तुझी आई तिशीत सायकल शिकली. एक्स्चेंजची बस बंद झाली, तर म्हणाली, मी सायकलनं जाईन. सायकल उसनी आणली. घरामागच्या मोकळ्या मैदानात मी सीट धरून पळायचे. चौथ्या दिवशी तिला तोल सापडला. चालवायला यायला लागलं, पण उतरता येईना. ब्रेक दाबला की ती पडायची, म्हणून ब्रेक दाबायचाच नाही असं तिनं ठरवलं. मग मैदानाला गोल गोल फेऱ्या. दमली की मला हाक मारायची, मी धावत जाऊन हँडल धरायचे आणि तिला उतरवून घ्यायचे.

तू तीन वर्षांची होतीस. एका रविवारी तिनं तुला पुढच्या टोपलीत बसवलं. मी नको नको म्हणत होते, पण माझं कोण ऐकतंय. निघाली. तू टोपलीच्या कडा धरून बसलेली आणि ती जोरजोरात पायडल मारतेय. एक फेरी झाली, दोन झाल्या. मी मैदानाच्या मधोमध उभी, आता हाक मारेल, मग मारेल. पाच झाल्या, सात झाल्या. तिचा चेहरा लाल झालेला, वेणी सुटलेली. मला वाटलं हिला हाक मारायलाही दम उरला नाही, म्हणून मीच धावत सुटले आणि हँडल धरलं.

तर चिडली माझ्यावर. धापा टाकत म्हणाली, "कशाला धरलंस? उतरायचं कुणाला होतं? ती अजून 'आणखी' म्हणतेय."

तुझी मावशी